उषःकाल सोसायटीचा वीजबाजार

१८ एप्रिल

नोकरीत असताना रोजची नोंद ठेवायची सवय होती. निवृत्त होऊन दोन महिने झाले, पण नोंदण्यासारखं काही घडत नव्हतं. काल घडलं. आमच्या गल्लीच्या सबस्टेशनमधला ट्रान्सफॉर्मर जळाला. नवा बसायला महिना लागेल, असं कंपनीचा इंजिनिअर म्हणाला आणि तोवर पलीकडच्या गल्लीतून एक तात्पुरती केबल ओढून देऊन गेला. केबल बारीक आहे. आमची चोवीस घरं, लिफ्ट आणि पाण्याचा पंप मिळून जेवढी वीज घेतात, तिच्या निम्मीही ती सोसत नाही. जास्त घेतली की मेन ट्रिप होतो आणि अख्खी इमारत काळोखात जाते.

आज संध्याकाळी तीनदा गेली. तिसऱ्या वेळी तळमजल्यावरच्या मीराबाई लिफ्टमध्ये होत्या, सोबत मसाल्याच्या मिरच्यांची गोणी. बाहेर काढेपर्यंत शिंकत होत्या. मग, मी कोणाचं नाव घेणार नाही, असं सांगून त्यांनी एसीवाल्या चौघांची नावं घेतली.

३०२ मधले गणपतकाका दाराशी येऊन, ‘माझ्यामुळे झालां काय?’ असं विचारत होते म्हणे. माझ्या बायकोने, नलूने सांगितलं. त्यांच्याकडे एक कूलर आहे. कूलरने मेन ट्रिप होत नाही.

१९ एप्रिल

गच्चीवर सर्वसाधारण सभा. ४०१ मधला सौमित्र घरूनच कॉम्प्युटरचं काम करतो. त्याने सम-विषम सुचवलं: एक दिवस सम घरांनी एसी लावायचा, एक दिवस विषम. मीराबाई म्हणाल्या, आधी म्हातारी माणसं. मग कोण किती म्हातारं यावर अर्धा तास गेला.

मी उभा राहिलो. म्हटलं, हा प्रश्न देशाने सोडवलेला आहे. उद्याची वीज आज विकली जाते. सकाळी देशभरचे विकणारे आणि घेणारे आपापल्या बोली लावतात, दुपारी बारा वाजता खिडकी बंद होते, जेवणं व्हायच्या आत निकाल लागतो. ज्याला जास्त गरज, तो जास्त बोली लावतो. भांडण नाही. मी आमच्या कंपनीसाठी तीस वर्षं वीजखरेदीचं काम केलं, त्यातली शेवटची वर्षं रोज हेच केलं.

“म्हणजे घरात लिलाव,” नलू मागून म्हणाली.

पैशांच्या कल्पनेला सगळ्यांनी विरोध केला. शेवटी पॉइंटवर तोडगा निघाला. प्रत्येक घराला रोज पन्नास पॉइंट. उरलेले रात्री बाद, साठवायचे नाहीत, कोणाला द्यायचे नाहीत. पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही सगळ्यांना मोकळे. त्यापलीकडे केबलमध्ये दर तासाला सहा जागा उरतात. एक जागा म्हणजे एक एसी किंवा एक गिझर किंवा तसंच काही. मला किलोवॅट हवे होते, सभेला जागा हव्या होत्या. देशाच्या बाजारात पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे असतात. तेही मी सुचवलं. सभा एक तासावर ठाम राहिली.

ठराव मंजूर झाला. मला वाटतं, लोक कंटाळले होते.

२१ एप्रिल

बाजार चालवणारा, केबलवरचा भार सांभाळणारा आणि नियम करणारा हे तिघे वेगळे असावे लागतात, नाहीतर एकच माणूस सगळ्यांच्या मानेवर बसतो. देशात तशी व्यवस्था आहे: बाजार वेगळा, भार प्रेषण केंद्र वेगळं, नियामक आयोग वेगळा. आमच्याकडे सध्या तिन्ही मी आहे. हे बरं दिसत नाही.

नलूला आयोग होतेस का विचारलं. ती म्हणाली, कुकर लावलाय.

१०४ मधले अण्णा कोर्टात बेंच क्लार्क होते. ते लगेच तयार झाले. त्यांनी एक टेबल, एक घंटी आणि पाण्याचा तांब्या मागितला. बोलीला कमाल मर्यादा किती, हा त्यांच्यापुढचा पहिला विषय होता. देशाच्या बाजारात युनिटला दहा रुपये आहे, म्हणून मी दहा पॉइंट सुचवले. अण्णांनी पुढची तारीख दिली. मी म्हटलं, बाजार उद्यापासून आहे. ते म्हणाले, मग तारीख उद्याची घ्या.

२२ एप्रिल

पहिला दिवस. जिन्याखाली पेटी ठेवली. प्रत्येकाने चिठ्ठीवर घर, वस्तू, तास आणि बोली लिहायची. बारा वाजता पेटी काढली, एक वाजता निकाल फळ्यावर लावला, दुपारी दोनपासून पुढच्या चोवीस तासांचा. रात्रीच्या तासांचा दर नऊवर गेला, दुपारी सातच्या आसपास राहिला.

मीराबाई फळा वाचून वर आल्या.

“हितेंद्रा, मी धा लिवलंय आणि तू सात कापलंस. तीन खंय गेले?”

“तुमच्याकडेच राहिले, मीराबाई. सहावी जागा ज्याला मिळाली त्याने सात लिहिले होते. म्हणून सगळ्यांना सात. जास्त लिहिणाऱ्यालाही सातच.”

“पण मी धा लिवलंय.”

“म्हणून तुमची जागा पक्की झाली. दर मात्र सगळ्यांना एक.”

“माका कोणाचा फुकट नको. धा काप.”

समान दराचं तत्त्व समजावायला मला चहा करावा लागला. मोठमोठ्या कंपन्यांच्या लोकांनाही हे पहिल्या फेरीत कळत नाही, त्यामुळे मी निराश झालो नाही. जाताना त्या म्हणाल्या, “उद्या शंभर लिवतंय, बघू काय कापतंस ता.”

मेन एकदाही ट्रिप झाला नाही.

२३ एप्रिल

३०२ मधली अनुजा, म्हणजे गणपतकाकांची सून, जिन्यात भेटली. त्यांची चिठ्ठी विचित्र असते. चोवीसच्या चोवीस तास मागतात, वस्तू ‘कूलर’. अक्षर गणपतकाकांचं, जुन्या वळणाचं, प्रत्येक तास वेगळ्या ओळीत. आज त्यांना फक्त पाच तास मिळाले.

“काका, रात्रीचा दर खाली येणार नाही का?”

मी सांगितलं की टंचाईच्या तासाला दर चढणं हे बाजार निरोगी असल्याचं लक्षण आहे. शिवाय मुंबईच्या दमट हवेत कूलर निरुपयोगी असतो, त्याने खोलीतली ओल वाढते. तिने एक चांगला पंखा घ्यावा.

“बाबांना त्याने बरं वाटतं,” ती म्हणाली.

मार्चमध्ये काका हॉस्पिटलमधून आले तेव्हा मी भेटायला गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. पडद्यामागे कूलर घुरघुरत होता. तेव्हाही मला त्याचा आवाज सदोष वाटला होता.

जेवताना नलूला ही गंमत सांगितली. पन्नास पॉइंटमध्ये चोवीस तास बसवायचे तर दर दोन हवा, आणि दोन दर या बाजारात जन्मात लागणार नाही.

“किती? दोन?” नलूने विचारलं. तिला माझ्या कामाबद्दल प्रश्न पडलेला मी तीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला.

२५ एप्रिल

दर दोन.

प्रत्येक तासाचा दोन. मी पेटी दोनदा तपासली. आमच्या घरची सोडून दर तासाला बरोबर सहाच चिठ्ठ्या, सगळ्या दोनच्या. एकही जागा रिकामी नाही, एकही बोली वाया नाही. असा काटेकोर निकाल मी नोकरीत कधी पाहिला नाही. पहिल्या दिवसांत लोक घाबरून चढ्या बोली लावतात, मग त्यांना आपली खरी गरज कळते. बाजार प्रौढ झाला, असं याला म्हणतात. तीन दिवसांत प्रौढ झाला.

३०२ ला चोवीस तास मिळाले.

२८ एप्रिल

दर दोन. आमच्याकडे रात्री उकडतं. मी बाजार चालवत असल्यामुळे आमच्या घरची बोली मी बघायची नाही, असा नियम मीच केला आहे. नलू चिठ्ठी टाकते. पण आमची बोली एकदाही लागलेली नाही. दर दोन असताना का लागत नाही, असं तिला विचारलं.

“मी एक लिहिते,” ती म्हणाली.

“मग तीन लिही.”

“तुम्ही बोली बघायची नाही ना?”

नियम बरोबर होता.

३० एप्रिल

सकाळी टाकीची पातळी बघायला गच्चीवर गेलो. गच्चीभर मिरच्या वाळत घातल्या आहेत. बेडगी, संकेश्वरी, एका कोपऱ्यात धणे. वर्षाच्या मसाल्याचे दिवस आहेत. वाळल्या की सगळं खाली डंकाच्या गिरणीत कुटायला जाईल. इमारतीतल्या निम्म्या बायका मिरच्या हलवायला जमल्या होत्या. मी जाताच बोलणं थांबलं. नलू म्हणाली, “टाकी भरलीये, तुम्ही जा.” अकरा वाजले होते. मिरच्या हलवायला एवढी माणसं कशाला लागतात, कळलं नाही. मसाल्याचं प्रमाण ठरवत असतील.

मीराबाई कोणाला तरी सांगत होत्या, “आज तुझे नऊ ते अकरा, इसरा नको.”

१ मे

सकाळी झेंडावंदन. नंतर सौमित्र लॅपटॉप घेऊन आला. त्याने आमच्या बाजाराचा आलेख काढला आहे.

“काका, हे बघा. फ्लॅट लाइन. चोवीस तास दोन. दुपारी दोन, रात्री दोन, पहाटे दोन. रिअल मार्केटमध्ये असं होतं का?”

होत नाही. देशात दुपारी सगळीकडचे सौर प्रकल्प वीज ओततात, दर पडतो. सूर्य मावळला की चढतो. माणसांच्या दिवसाला आकार असतो, तो दरात उमटतो. सरळ रेष याचा अर्थ कोणीतरी ती ओढतंय.

“आणि हे बघा, एसी पाळीने लागतायत. एक मजला झाला की दुसरा. प्रत्येक घराला रात्री दोन तास. बोली लावून असं येईल का? इट्स अ कार्टेल, काका. फुल टू सेटिंग.”

“तुला कोणी काही सांगितलं नाही?”

“मला कोण सांगणार? मी गच्चीवर जात नाही. मला शिंका येतात. माझी चिठ्ठीपण मीराबाई नेऊन टाकतात.”

तो गेल्यावर मी जुन्या चिठ्ठ्या काढून बसलो. संगनमताने दर पाडणं हा बाजारातला सगळ्यात मोठा गुन्हा. पण फायदा कोणाचा? आलेखात एकच घर असं आहे, जे रोज अठ्ठेचाळीस पॉइंट वापरतं आणि चोवीस तास जागा अडवून बसतं. ३०२. अनुजा बँकेत आहे, तिला आकड्यांची समज आहे. शांत मुलगी आहे. असे गुन्हे शांत माणसंच करतात.

नलूला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “सोडून द्या ना. लाइट जात नाहीये ना?”

लाइट जात नाही हा मुद्दाच नाही. उद्या अण्णांकडे अर्ज देणार.

४ मे

सुनावणी गच्चीवर झाली, कारण अण्णांच्या घरी पाहुणे होते. मिरच्यांमुळे सगळे शिंकत होते. अण्णा घंटी वाजवत, शिंकत आणि पाणी पीत.

मी दराचा आलेख दाखवला. अण्णांनी उपस्थितांना विचारलं, “कोणी आपसात ठरवून बोली लावता काय?”

मीराबाई मिरच्यांची देठं काढत होत्या.

“मीराबाई, तुम्ही बोली कशी ठरवता?”

“माका वाटता तसा.”

“रोज दोनच वाटतं?”

“व्हय. दोन बरो आकडो आसा.”

अण्णांनी ते लिहून घेतलं. मग मी अनुजाला विचारलं की कूलरला पहाटे तीन वाजता जागा कशासाठी लागते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग नलूकडे पाहिलं. म्हणाली, “काका, लागते.” आणि बाबा एकटे आहेत म्हणून खाली गेली. हे उत्तर टाळणं आहे, असं मी आयोगाच्या निदर्शनास आणलं.

माझ्या बायकोने सुनावणीत एकही शब्द उच्चारला नाही. माझ्या व्यवसायाबद्दल तिला आदर वाटू लागला असावा.

६ मे

आयोगाचा अंतरिम आदेश: बोलीबद्दल आपसात बोलायचं नाही. प्रत्येक घराची चिठ्ठी मला स्वतः दारातून गोळा करायची, घरातल्याने ती माझ्यासमोर लिहायची. आणि दहा ते बारा गच्चीला कुलूप.

कुलपाबद्दल बायकांनी निषेध नोंदवला. मिरच्यांना बुरशी येईल, म्हणाल्या. अण्णांनी निषेध नोंदवून घेतला.

७ मे

दर रात्री नऊ, दुपारी सहा, पहाटे आठ. आलेखाला आकार आला. सौमित्रने आनंदाने फोन केला. त्याची रात्रीची जागाही लागली.

चिठ्ठ्या गोळा करताना मी कोणाशी बोललो नाही. माझ्या समोर लिहायचं म्हटल्यावर प्रत्येकाने आपापल्या मनातलं लिहिलं. १०२ मधल्या रमाबाईंनी नऊ लिहिले आणि माझी नजर टाळली. मीराबाईंनी दहा लिहिले आणि चिठ्ठी माझ्या अंगावर टाकली. ३०२ ची चिठ्ठी तयारच होती, काकांच्या अक्षरात, चोवीस ओळी, प्रत्येकीत दोन. त्यांना एकही तास मिळाला नाही. फुकट जागा अडवायचे दिवस संपले.

संध्याकाळी एक गोष्ट खटकली. सगळ्या जागा चढ्या दराने विकल्या गेल्या, पण केबलवर भार निम्माच होता. लोकांनी जागा घेतल्या आणि एसी लावले नाहीत. सांगितलं त्यापेक्षा कमी वीज घेणं हासुद्धा दोषच, त्यालाही देशात दंड आहे. रमाबाईंना विचारलं, नऊ पॉइंट मोजून एसी बंद का? म्हणाल्या, “घाम गाळलेला बरा असतो.”

यामागचं तर्कशास्त्र उद्या तपासतो.

८ मे

३०२ चा फ्यूज काढला.

परत बसवला.

९ मे

काल लिहिण्याच्या स्थितीत नव्हतो. क्रमाने लिहितो.

संध्याकाळी क्लॅम्प मीटर घेऊन मीटररूममध्ये गेलो. वायरीला नुसता चिमटा लावला की कोण किती वीज घेतंय ते कळतं. बाकीची घरं नियमात होती. ३०२ जागा नसताना वीज घेत होतं. नियम मीच लिहिलेला आहे: भार सांभाळणाऱ्याने आधी जोडणी बंद करावी, नोटीस नंतर द्यावी. ग्रिड वाचवताना चर्चा करत बसायची नसते. मी फ्यूज काढला, खिशात ठेवला आणि नोटीस घेऊन वर गेलो.

दार उघडं होतं. पडदा बाजूला होता. पलंगावर गणपतकाका बसले होते, नाकाला नळी. नळी ज्या मशीनला जोडली होती त्याला मी दोन महिने कूलर म्हणत होतो. ते बंद होतं. काका तोंड उघडून श्वास ओढत होते आणि आत काही जात नव्हतं. अनुजा सिलिंडरवर वाकली होती, हातात चावी, चावी फिरत नव्हती. तिच्याबरोबर चावीला जोर लावत नलू होती. मी घरातून निघालो तेव्हा ती स्वयंपाकघरात होती.

नलूने माझ्याकडे पाहिलं.

“फ्यूज तुम्ही काढलात?”

“हो.”

“बसवा.”

मी खाली गेलो. लिफ्टची वाट पाहिली नाही. फ्यूज बसवताना तो दोनदा खाली पडला.

वर आलो तेव्हा मशीन घुरघुरत होतं. त्या आवाजात काही दोष नाही. काका हळूहळू माणसात आले. मला बघून त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

“कूलर बंद पडलो रे, हितेंद्रा,” ते थांबत थांबत म्हणाले. “ह्यो मेलो कंपनीवालो.”

मी कंपनीच्या वतीने माफी मागितली.

घरी आल्यावर नलूने सांगितलं. काकांच्या फुप्फुसांना आता चोवीस तास ऑक्सिजनचं मशीन लागतं. पहिल्या संध्याकाळी लाइट गेली तेव्हा आपल्यामुळेच गेली असं त्यांना वाटलं आणि लाइट आल्यावर त्यांनी नळी स्वतःच्या हाताने काढून ठेवली. मीराबाई लिफ्टमध्ये अडकल्या त्या माझ्या हवेपायी, म्हणाले. अनुजाने हातापाया पडून परत लावली. मग माझा बाजार आला. सगळे बोली लावून विकत घेतात, आपणही घेतो, असं तिने सांगितल्यावर ते निवांत झाले. चिठ्ठी स्वतः लिहू लागले. पण दर नऊवर गेला. तीन दिवस सिलिंडरवर काढले, मशीन दुरुस्तीला टाकलंय असं सांगून. चौथ्या दिवसापासून गच्चीवर बायकांनी वाटून घेतलं. एक जागा ३०२ ची, उरलेल्या पाच पाळीने.

“मग काल?” मी विचारलं. “रमाबाईंनी नऊ लिहिले.”

“तुम्ही समोर उभे होतात. उकडतं हो लोकांना. माणसं आहेत.” मग म्हणाली, “लिहिले नऊ, पण एसी लावला का कोणी? मशीन चालू राहायला हवं, केबलवर ताण नको, म्हणून सगळ्यांनी बंद ठेवले. काकांना सांगितलं, जागा लागली.”

“मला का सांगितलं नाहीस?”

“तुम्ही फळ्यावर लिहिलं असतंत.”

लिहिलं असतं.

१० मे

सकाळी अण्णांकडे गेलो. म्हटलं, सोपं आहे. काही वीज बाजाराच्या बाहेर ठेवतातच, दर काहीही असो. ३०२ ला कायमची जागा द्या, पॉइंट न घेता. अण्णांनी सुंदर आदेश लिहिला, दीड पानाचा.

नलूने तो वाचला. “छान आहे. काकांना वाचून कोण दाखवणार?”

मी म्हटलं, मी. आणि गेलो. तोंडी विषय काढला. काका, समजा तुम्हाला बोली न लावता जागा दिली तर?

“कित्याक?”

“ज्येष्ठ म्हणून.”

“मीराबाय माझ्यापेक्षा दोन वर्सां मोठी. तिका दिलंस?”

“नाही.”

“मगे माका भीक नको. मी मिलमध्ये चाळीस वर्सां पाळ्ये केलंय, कोणाच्या पाळयेर झोपलंय नाय. दुसऱ्याचा वारा बंद करून माका हवा नको.” एवढं बोलून त्यांना धाप लागली. आणि त्यांचा हात नळीकडे गेला.

मी पटकन म्हटलं, “सहज विचारलं हो. तसा काही नियमच नाही.”

हात खाली आला. आदेश घडी करून माझ्या खिशात होता, परवाच्या फ्यूजच्या जागी.

११ मे

आयोगाचा अंतिम आदेश. माझा अर्ज पुराव्याअभावी फेटाळला. संगनमत सिद्ध झालं नाही. दोन हा आकडा एका साक्षीदाराला बरा वाटतो, यात बेकायदेशीर काही नाही. गच्चीचं कुलूप काढावं. मिरच्या दिवसातून दोनदा हलवणं आवश्यक असून त्यासाठी पुरेसं मनुष्यबळ लागतं, असं आयोगाचं मत झालं. आदेशाखाली सही करताना अण्णा शिंकले, त्याचा डाग आहे.

नियम मोडूनही बाजार चालू राहील याला मी मान्यता दिली आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. नोकरीत असं करणाऱ्याला मी मेमो दिला असता.

१२ मे

दर दोन.

सौमित्र धावत आला. “काका, परत फ्लॅट! डेटा क्लिअरली सांगतोय...”

मी त्याला ३०२ मध्ये घेऊन गेलो. काकांनी त्याला बसवलं, वाटीत लाडू दिला, नोकरी काय, पगार किती, लग्न कधी विचारलं. मशीन घुरघुरत होतं. सौमित्रने मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, लाडू खाल्ला.

जिन्यात म्हणाला, “काका, आलेखाची स्केल चुकली होती माझी.”

१३ मे

पेटीत ४०१ ची चिठ्ठी: एसी, रात्री अकरा ते सहा, बोली एक. लागली नाही.

आमच्या घरची चिठ्ठी आज मी लिहिली. नलूने बघून घेतली. एक. लागली नाही. रात्री दोघं गॅलरीत चटई टाकून झोपलो. खाली डंक थांबला होता, तरी हवेत मसाला होता. नलूला विचारलं, दर दोनच का ठरवलात, तीन का नाही?

“तुम्हीच सांगितलंत ना.”

मी असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. मागची पानं बघायला हवीत.

१९ मे

ट्रान्सफॉर्मर बसला. दुपारी तात्पुरती केबल काढली. फळा पुसला, पेटी जिन्याखालून उचलली. गच्चीवर आता मिरच्या नाहीत. मसाला झाला, आमच्या वाटणीचा दोन बरण्या.

बाजार बंद झाल्याचं सांगायला सगळीकडे गेलो. मीराबाईंनी विचारलं, त्यांचे ते तीन पॉइंट आता तरी परत मिळतील का. चौकशी करतो म्हटलं.

शेवटी ३०२. काका पलंगावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट, समोर उद्याची चिठ्ठी अर्धी लिहिलेली. आता चिठ्ठी लागणार नाही म्हटल्यावर थोडे उदास झाले. पेनाला टोपण घातलं.

“बाजार बरो होतो तुझो,” ते म्हणाले. “माका वाटलेलां, भांडणां होतीत. पण माका एक सांग. एवढी चोवीस घरां, एवढो उकाडो. आणि दर सगळो वेळ दोनच. ह्यां कसां काय?”

अनुजा ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिचा हात थांबला.

दर असाच का लागला, या प्रश्नाचं उत्तर देण्याचा मी तीस वर्षं पगार घेतला.

“पुरवठा भरपूर होता, काका,” मी म्हटलं.